फूड लायसन्स बोगस आहे म्हणून नोटीस आली तर काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

दुकानात किंवा घरगुती किचनमध्ये अन्न सुरक्षा अधिकारी येतात, भिंतीवरचं लायसन्स बघतात, मोबाईलवर नंबर टाकतात आणि म्हणतात, हा नंबर तुमचा नाहीच. त्यानंतरच्या दोन दिवसांत माणसं घाबरून जे काही करून बसतात त्याने जेवढं नुकसान होतं तेवढं त्या मूळ कागदाने होत नाही, हे मी इतक्या वेळा बघितलंय की एकदा सगळं क्रमाने लिहून काढतोय. मी पुणे जिल्ह्यात छोट्या खाद्य व्यवसायांचे फॉर्म भरून देतो, खानावळी, फरसाणवाले, मसाले करणाऱ्या ताई, चहाच्या टपऱ्या, आणि दर थोड्या महिन्यांनी कोणीतरी रडवेल्या तोंडाने असाच एक लॅमिनेट केलेला कागद माझ्या टेबलावर ठेवतं. झालेलं असतं एवढंच की एजंटने पैसे घेतले, कोणाचं तरी खरं सर्टिफिकेट घेऊन त्यावर नाव-पत्ता बदलला, पीडीएफ व्हॉट्सॲपवर टाकली आणि आपण विश्वासाने ती फ्रेम करून लावली.

सुरुवात करायच्या आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, कारण पुढचे सगळे टप्पे त्यावरच उभे आहेत. भारतीय न्याय संहितेत कलम ३४०(२) आहे, बनावट कागद खरा म्हणून वापरण्याबद्दलचं (१ जुलै २०२४ च्या आधीचा वापर असेल तर जुन्या भारतीय दंड संहितेचं ४७१), आणि त्यात मुद्दा असा आहे की कागद बनावट आहे हे माहीत असून किंवा तसं वाटायला कारण असूनही तो वापरला का. म्हणजे तुम्हाला कळायच्या आधीचे दिवस वेगळे आणि कळल्यानंतरचे वेगळे. आधीच्या दिवसांसाठी "मला माहीत नव्हतं" हे खरं असेल तर ते पुराव्यानिशी दाखवता येतं. कळल्यानंतरच्या एकाही दिवसासाठी ते म्हणता येत नाही. त्यामुळे कळलं त्या तासापासून तुम्ही काय करता ह्याला फार महत्त्व आहे.

टप्पा १: कोण म्हणतंय आणि कशाच्या आधारावर, हे आधी कागदावर घ्या

"लायसन्स बोगस आहे" हे तुम्हाला चार ठिकाणांहून कळू शकतं. एफडीएचे म्हणजे अन्न व औषध प्रशासनाचे अधिकारी तपासणीला येतात, किंवा डिलिव्हरी ॲपवाले नंबर जुळत नाही म्हणून लिस्टिंग बंद करतात, किंवा पोलिस ठाण्यातून फोन येतो, किंवा कोणी अनोळखी माणूस फोन करून म्हणतो तुमचं लायसन्स फेक आहे, कारवाई होणार, मिटवायचं तर एवढे पाठवा.

ह्यातला चौथा प्रकार बहुतेक वेळा स्वतःच फसवणूक असते. लायसन्सची सरकारी फी पोर्टलवर भरली जाते, कोणाच्या पर्सनल नंबरवर यूपीआय करून नाही. फोनवर नाव, हुद्दा आणि ऑफिस विचारा, लेखी नोटीस द्या म्हणा आणि फोन ठेवा. आणि खराच अधिकारी "मिटवायला" पैसे मागत असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा टोल फ्री नंबर आहे. पैसे देऊन मिटवलं की पोर्टलवर नोंद काही उगवत नाही, पुढच्या तपासणीत प्रश्न तसाच उभा राहतो.

अधिकारी समोर आले असतील तर त्यांचं ओळखपत्र बघा, तपासणी अहवालाची कॉपी मागा, आणि त्यात नेमकं काय लिहिलंय ते वाचा. "नोंद आढळली नाही", "दुसऱ्याच्या नावावर आहे", "मुदत संपली आहे" आणि "बनावट आहे" ह्या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि चौघांची उत्तरं वेगळी आहेत.

थांबा: पंचनाम्यावर किंवा अहवालावर न वाचता सही करू नका. सही नाकारून भांडणंही नको. एखादं वाक्य पटत नसेल तर सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात लिहा, जसं की "सदर कागद एजंटमार्फत मिळाला होता, मी खात्री करून लेखी खुलासा देते", खाली तारीख आणि वेळ टाका.

टप्पा २: नंबर स्वतः तपासा, दुसऱ्याच्या शब्दावर जाऊ नका

हे त्याच दिवशी करायचं. फॉसकॉस पोर्टलवर जा, हे एफएसएसएआयचं म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचं लायसन्सचं पोर्टल, पत्ता आहे फॉसकॉस डॉट एफएसएसएआय डॉट गव्ह डॉट इन, तिथे पहिल्याच पानावर एफबीओ (म्हणजे खाद्य व्यावसायिक) सर्च आहे, लॉगिन लागत नाही. नंबर टाका आणि काय येतं त्याचा तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. स्क्रीनशॉट नंबर टाकताना एक आणि निकाल आल्यावर एक, दोन्ही.

नंबर नुसता बघूनही बरंच कळतं. तो १४ आकडी असतो. पहिला आकडा १ असेल तर ते लायसन्स, २ असेल तर नोंदणी म्हणजे रजिस्ट्रेशन. पुढचे दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे १५, आणि सेंट्रल लायसन्स असेल तर तिथे ००. त्यानंतरचे दोन आकडे वर्षाचे. म्हणजे महाराष्ट्रातल्या छोट्या व्यवसायाची नोंदणी असेल तर नंबर २१५ ने सुरू व्हायला हवा.

माझ्याकडे एक मसालेवाल्या ताई आल्या होत्या, त्यांच्या कागदाच्या कोपऱ्याला हळदीचे डाग, लॅमिनेशन सुटलेलं, वर मोठ्या अक्षरात नोंदणी प्रमाणपत्र लिहिलेलं आणि खाली नंबर मात्र १ ने सुरू होणारा. त्यातले पुढचे दोन आकडे दुसऱ्याच राज्याचे. खिडकीपाशी उजेडात धरला तेव्हा दिसलं की ताईंचं नाव आणि पत्ता ज्या दोन ओळींत होता तिथली अक्षरं बाकीच्या कागदापेक्षा जरा जाड होती आणि पत्त्याची ओळ डावीकडून केसभर आत सरकलेली होती. तीन वर्षं तो कागद गिरणीच्या भिंतीवर होता, रोज शंभर माणसं बघत होती, कोणालाच दिसलं नाही. एजंटने ३५०० रुपये घेतले होते आणि त्या वेळी नोंदणीची सरकारी फी वर्षाला १०० रुपये होती.

सर्चमध्ये जे येईल त्यावरून तुमची केस कुठल्या प्रकारात बसते ते ठरवा:

नोंद तुमच्याच नावाची आहे पण पत्ता जुना आहे, किंवा व्यवसायाचा प्रकार चुकीचा टाकलाय. हा बोगसचा मामला नाही, दुरुस्तीचा आहे. पोर्टलवर बदलाचा अर्ज करा आणि ऑफिसला लेखी कळवा.

नोंद तुमची आहे पण मुदत संपली. हा विना-परवाना चालवल्याचा विषय होईल, पण बनावटगिरीचा नाही. तसं स्पष्ट लिहून द्या.

नंबर खरा आहे पण दुसऱ्या कोणाचा आहे, किंवा नंबर सापडतच नाही. हाच खरा अवघड प्रकार, आणि टप्पा ३ पासूनचं पुढचं सगळं मुख्यतः ह्यासाठी आहे.

चेक: नंबर सापडत नाही म्हणायच्या आधी तीन वेळा टाईप करा, कागदावरचा ० आणि ८ पुसट झालेला असतो. आणि २०२० च्या आधीचं लायसन्स असेल तर जुन्या सिस्टीमवरून फॉसकॉसवर येताना नावाचं स्पेलिंग भलतंच झालेलं असू शकतं, त्यामुळे नावापेक्षा नंबरने शोधा.

अजून एक, हे फार होतं म्हणून सांगतो. कित्येकांना एजंटने फूड लायसन्स म्हणून उद्यम सर्टिफिकेट (लघुउद्योग म्हणून नोंदणी) किंवा शॉप ॲक्टची इंटिमेशन पावती (दुकान सुरू केल्याचं कळवल्याची पोच) दिलेली असते. दोन्ही कागद खरे असतात, पण ते फूड लायसन्स नाहीत. उद्यम तर सरकारी पोर्टलवर फुकट निघतं. ह्यात तुमच्या हातात बनावट काही नाही, लायसन्सच नाही एवढंच आहे, तेव्हा घाबरून "बोगस कागद होता" असं स्वतःहून लिहून देऊ नका.

टप्पा ३: कागद उतरवा, पण फाडू नका

नोंद तुमची नाही हे कळलं की त्याच तासाला भिंतीवरून कागद उतरवा. उतरवायच्या आधी जिथे होता तिथला एक फोटो काढा. मग तो कागद, फ्रेमसकट असेल तर फ्रेमसकट, एका पाकिटात घालून पाकिटावर तारीख लिहून कपाटात ठेवा. अधिकाऱ्यांनी जप्त केला असेल तर जप्तीच्या कागदाची कॉपी त्याच पाकिटात.

फाडणं, जाळणं, लॅमिनेशन काढून फेकणं हे काहीही नको. तो कागद तुमच्याविरुद्धचा पुरावा आहे असं लोकांना वाटतं, पण एजंटने काय दिलं ह्याचा तुमच्याकडचा तो एकमेव पुरावा असतो. तो नष्ट केला की तुम्ही काहीतरी लपवलंत एवढंच उरतं.

मग तो नंबर अजून कुठे कुठे आहे ते शोधा. बिलबुकावर, कारण १ जानेवारी २०२२ पासून बिलावर एफएसएसएआय नंबर टाकणं बंधनकारक आहे. पाकिटांवर, स्टिकरवर, मेन्यूकार्डवर, बॉक्सवर, व्हॉट्सॲप बिझनेस प्रोफाईलवर, डिलिव्हरी ॲपवर, टेंडर किंवा कॅन्टीनच्या फाईलमध्ये. ऑनलाईन जिथे आहे तिथून काढा, काढायच्या आधी स्क्रीनशॉट. छापील पाकिटं मोजा आणि बाजूला बांधून ठेवा, किती आहेत ते लिहून ठेवा, नंतर खुलाशात तो आकडा कामाला येतो.

आणि आता सगळ्यात जड भाग. धंदा थांबवायला लागतो. वैध नंबर नसताना अन्न विकणं हा कायद्याचा स्वतंत्र भंग आहे, आणि कळल्यानंतर विकलेला प्रत्येक डबा त्यात मोजला जातो. डबे रोजचे असतात, विद्यार्थी जेवायला कुठे जाणार, बायका कामावर आहेत त्यांचा पगार, हे सगळं मला माहितीय, मी लोकांच्या किचनमध्ये बसून हे बोललोय. तरीही थांबवा. छोट्या नोंदणीच्या अर्जावर ७ दिवसांत निर्णय द्यायचा किंवा तपासणी काढायची असा नियम आहे, म्हणजे बहुतेकांचं हे थांबणं दिवसांचं असतं. ओळखीच्या लायसन्सवाल्या खानावळीतून तेवढे दिवस डबे भागवता येतात का बघा, आणि गिऱ्हाईकाला खरं सांगा की दुसरीकडून येतायत.

टप्पा ४: एजंटला फोन करायच्या आधी फाईल करा

बहुतेक लोक इथेच उलटं करतात. नोटीस आली की पहिला फोन एजंटला. एका खानावळवाल्या काकांनी तसंच केलं. एजंट म्हणाला, काका घाबरू नका, ते जुनं चॅट डिलीट करून टाका नाहीतर तुम्हीच अडकाल, मी संध्याकाळी नवीन पीडीएफ पाठवतो. काकांनी चॅट डिलीट केलं. संध्याकाळी खरंच नवीन पीडीएफ आली, नवीन नंबर, तोही दुसऱ्याच कोणाचा, आणि काकांनी ती ऑफिसला नेऊन दिली. पहिला कागद फसून घेतलेला होता हे पटवता आलं असतं. नोटीस हातात असताना दिलेल्या दुसऱ्या कागदाबद्दल काय सांगणार?

तेव्हा आधी हे गोळा करा, फोन नंतर.

चॅट. व्हॉट्सॲपमधून मीडियासकट एक्स्पोर्ट करा आणि स्वतःच्या ईमेलवर पाठवा. शिवाय स्क्रीनशॉट काढा, त्यात एजंटचा नंबर दिसला पाहिजे, नुसतं सेव्ह केलेलं नाव नाही. मूळ चॅट फोनमध्येच राहू द्या, फोन फॉरमॅट करू नका, बदलू नका, एक्स्चेंजमध्ये देऊ नका. चॅट कोर्टात लागलं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्यात एक भाग तुमचा आणि एक तज्ज्ञाचा असतो, ते वकील करतील, पण मूळ फोन जागेवर हवा.

मूळ पीडीएफ. एजंटने पाठवलेली फाईल आहे तशी ठेवा. कुठल्या ॲपमध्ये उघडून परत सेव्ह करू नका. फाईलच्या प्रॉपर्टीजमध्ये ती कधी बनली आणि कशात बनली हे बऱ्याचदा दिसतं आणि परत सेव्ह केलं की ते बदलतं.

पैसे. यूपीआयचा स्क्रीनशॉट पुरत नाही, बँकेचं त्या महिन्याचं स्टेटमेंट काढा, बँकेचा शिक्का मारून घ्या. रोख दिले असतील तर कोणासमोर दिले, वहीत नोंद आहे का, त्या दिवशी एटीएममधून काढले होते का. ती ३५०० ची एक ओळ स्टेटमेंटमध्ये असणं फार मोलाचं आहे, कारण ज्याला बनावट कागद हवा असतो तो सहसा खऱ्या लायसन्सचे पैसे बँकेतून देत नाही.

सरकारी मेसेज. खरा अर्ज झाला असता तर अर्जाचा रेफरन्स नंबर आणि फीची पावती निघाली असती आणि अर्जात दिलेल्या मोबाईलवर, ईमेलवर मेसेज आले असते. तुमच्या इनबॉक्समध्ये शोधा. काहीच नसेल तर तेही लिहून ठेवा, एजंट बहुतेक वेळा स्वतःचा नाहीतर कुठला तरी भलताच नंबर टाकतात.

मग एका कागदावर तारखांची यादी करा. एजंट कोणी सुचवला, पहिला मेसेज, पैसे, कागदपत्रं दिली, पीडीएफ आली, भिंतीवर लावली, तपासणी झाली, सर्च केला, उतरवली. प्रत्येक तारखेसमोर त्याचा पुरावा कुठला ते लिहा. आठवत नसेल ती तारीख अंदाजे टाकू नका, "नक्की तारीख आठवत नाही, अमुक सणाच्या आसपास" असं लिहा. खुलासा, पोलिसातला जबाब आणि वकिलाला सांगितलेलं ह्या तिन्हींत तारखा वेगळ्या आल्या की तुमचं खरंही खोटं वाटायला लागतं.

आता एजंटला मेसेज करा, शक्यतो लेखी: "मला दिलेल्या लायसन्सचा नंबर पोर्टलवर माझ्या नावाने दिसत नाही. अर्जाचा रेफरन्स नंबर आणि सरकारी फीची पावती पाठवा." एवढंच. शिव्या नको, धमकी नको, पैसे परत मागताना "नाहीतर केस करतो" असलंही नको. त्याने नवीन कागद पाठवला तर तो वापरायचा नाही, फाईलला लावायचा. पैसे परत देतो पण तक्रार करणार नाही असं लिहून द्या म्हणाला तर सही करू नका.

टप्पा ५: लेखी खुलासा

नोटीसवर मुदत असते. ती जवळ आली असेल आणि कागद जमले नसतील तर मुदतवाढीचा अर्ज द्या, तोही लेखी आणि मुदत संपायच्या आत. तोंडी "साहेब हो म्हणाले" ह्याला अर्थ नाही. प्रकरण पोलिसांकडे जाईल असं वाटत असेल तर खुलासा देण्याआधी वकिलाला एकदा दाखवाच, कारण ह्यात लिहिलेलं वाक्य पुढे तुमच्यासमोर परत येणार आहे.

दोन चुका कायम होतात. एक, माफीनामा: "माझ्याकडून चूक झाली, पुन्हा असं होणार नाही, माफ करावे." वाचणाऱ्याला ह्यातून असं दिसतं की तुम्ही कागद बनवला. दुसरी चूक, सरळ नाकारणं: "माझं लायसन्स खरंच आहे, तुमच्या सिस्टीमचा दोष आहे", आणि सर्चमध्ये तर दुसऱ्याचं नाव येतंय. जे घडलं ते, जेवढं माहीत आहे तेवढंच लिहा. मसालेवाल्या ताईंसाठी केलेला खुलासा साधारण असा होता, तपशील बदललेत:

"प्रति, मा. सहायक आयुक्त (अन्न), अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य.
विषय: आपल्या नोटीसबाबत खुलासा.
महोदय, मी वरील पत्त्यावर मसाले तयार करून विकते. आपल्या अधिकाऱ्यांनी तपासणीत दाखवून दिल्यावर मी त्याच दिवशी पोर्टलवर सदर क्रमांक तपासला. तो माझ्या नावे आढळला नाही (स्क्रीनशॉट सोबत). सदर प्रमाणपत्र मला एका एजंटकडून व्हॉट्सॲपवर मिळाले. त्यासाठी मी बँक खात्यातून ३५०० रुपये दिले आहेत (बँक स्टेटमेंट व चॅट सोबत). ते अस्सल नाही याची मला तपासणीपूर्वी माहिती नव्हती. तपासणीच्या दिवसापासून मी सदर प्रमाणपत्राचा व क्रमांकाचा वापर पूर्णपणे थांबवला असून उत्पादन व विक्री बंद ठेवली आहे. सदर क्रमांक छापलेली ४२० पाकिटे मोजून वेगळी ठेवली आहेत. मूळ प्रमाणपत्र माझ्याकडे सुरक्षित आहे व मागणी केल्यास पोच घेऊन हजर करीन. एजंटविरुद्ध पोलिसांत तक्रार अर्ज दिला आहे (प्रत सोबत). मला प्रत्यक्ष बाजू मांडण्याची संधी द्यावी, ही विनंती."

बघा, ह्यात कुठे विशेषणं नाहीत, गरिबीची कहाणी नाही, आणि प्रत्येक वाक्याला कागद जोडलेला आहे. ताईंना आधी चार पानं लिहायची होती, नवऱ्याचं आजारपण, मुलीची फी, सगळं. ते सगळं खरंच होतं, पण ते समोर बसून बोलताना सांगा, कागदावर नको.

चेक: दोन प्रती न्या. एक द्या, दुसरीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घ्या. शिक्का देत नसतील तर तोच खुलासा स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा. पोच नसेल तर खुलासा दिलाच नाही असं समजा.

टप्पा ६: एजंटविरुद्ध स्वतःची तक्रार

ही खुलाशाच्या आधी किंवा त्याच दिवशी द्यायची, म्हणजे खुलाशात तिचा उल्लेख करता येतो. महिन्याभराने, स्वतःवर गुन्हा दाखल झाल्यावर दिलेली तक्रार बचावासाठी केल्यासारखी दिसते.

तुमच्या हद्दीतल्या पोलिस ठाण्यात लेखी अर्ज, सोबत फाईलची झेरॉक्स. मूळ कागद अर्जासोबत देऊन टाकू नका, मागितले तर पंचनामा किंवा पोच घेऊनच द्या. अर्ज घेत नसतील तर तोच पोस्टाने पोलिस अधीक्षक किंवा उपायुक्तांना पाठवता येतो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) मध्ये ती सोय आहे, आणि तिथेही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. पैसे अगदी अलीकडे ऑनलाईन गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० ह्या हेल्पलाईनवर लगेच फोन करा, जुने असतील तर त्याचा फार उपयोग नाही.

एजंटचं पूर्ण नाव माहीत नसतं बऱ्याचदा. फोन नंबर, यूपीआय आयडी आणि त्यावर दिसणारं बँकेतलं नाव, व्हिजिटिंग कार्ड, ज्याने ओळख करून दिली तो माणूस, एवढं दिलं तरी चालतं. त्याच एजंटकडून आजूबाजूच्या अजून कोणी घेतलंय का ते विचारा. ताईंच्या गल्लीतच पाच जण निघाले, पाचही जणांनी वेगवेगळे अर्ज दिले, आणि मग कोणी ताईंना "तुम्हीच केलं असेल" म्हणायचं बंद झालं.

टप्पा ७: पोलिसांनी तुम्हाला बोलावलं तर

सरकारी अधिकाऱ्याने दिल्यासारखा दिसणारा कागद बनवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३७ मध्ये येतं, फसवणुकीसाठी बनावट कागद ३३६(३) मध्ये, दोन्हीला ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हे घाबरवायला नाही सांगत. एवढ्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक करायची गरज नसेल तर पोलिस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची हजर राहण्याची लेखी नोटीस देतात. ती आली तर ठरलेल्या तारखेला जा, टाळू नका, नोटीस पाळत राहणाऱ्याला अटक करायची तर पोलिसांना कारणं लेखी नोंदवावी लागतात. ती फक्त व्हॉट्सॲपवर पाठवणं पुरेसं नाही असं सुप्रीम कोर्टाने २०२५ मध्ये सांगितलंय, पण तेवढ्यावर विसंबून घरी बसू नका, वकिलामार्फत लेखी उत्तर द्या.

साक्षीदार म्हणून बोलावणं असेल तर ते त्याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ खाली असतं, आणि त्यात बायकांना, ६० वर्षांवरच्या पुरुषांना, आजारी आणि दिव्यांग व्यक्तींना ठाण्यात येण्याची सक्ती करता येत नाही, जबाब घरी येऊन घ्यावा लागतो. घरगुती किचन चालवणाऱ्या कित्येक बायकांना हे माहीतच नसतं आणि त्या रात्री आठला एकट्या ठाण्यात जाऊन बसतात.

पोलिसांनी तपासात लिहून घेतलेल्या जबाबावर तुमची सही घ्यायची नसते. तरी वाचून दाखवायला सांगा. फोन मागितला तर जप्तीचा पंचनामा मागा, आणि द्यायच्या आधी चॅटची कॉपी तुमच्या ईमेलवर गेलीय ना ते बघा. अटकेची शक्यता वकिलाला वाटत असेल तर त्याच संहितेच्या कलम ४८२ खाली अटकपूर्व जामिनाचा अर्ज सेशन कोर्टात करता येतो, आणि तिथे तुमची तारखांची यादी, बँक स्टेटमेंट आणि पोच असलेला खुलासा हेच पुढे ठेवले जातात.

टप्पा ८: नवीन लायसन्स, ह्या वेळी स्वतःच्या मोबाईलवर

खुलासा देऊन पोच घेतली की नवीन अर्ज करा. आधी नाही. खुलाशाआधी घाईने नवीन नंबर काढून तो जुन्याच्या जागी लावला की मधलं सगळं झाकायला बघितल्यासारखं होतं.

फॉर्म कोणाकडूनही भरून घ्या, माझ्यासारख्याकडून घ्या किंवा शेजारच्या कॉलेजच्या मुलाकडून घ्या, पण लॉगिन तुमचं, मोबाईल तुमचा, ईमेल तुमचा, ओटीपी तुमच्या फोनवर आणि फी तुमच्या खात्यातून पोर्टलवर. व्यवसाय सुरू झाल्याची तारीख मागे-पुढे करू नका. आधीच्या परवान्याबद्दल कुठे विचारलं तर तो बोगस नंबर आधीचा परवाना म्हणून टाकू नका, तो तुमचा कधी नव्हताच.

नवीन नंबर आला की प्रिंट काढायच्या आधी टप्पा २ मधला सर्च परत करा. नाव, पत्ता, व्यवसायाचा प्रकार आणि मुदत, चारही ओळी जुळल्या की मग प्रिंट, मग बिलबुक, मग पाकिटं. जुन्या पाकिटांवर नवीन नंबराचं स्टिकर चिकटवून ती बाजारात काढू नका, ती अधिकाऱ्यांना दाखवून, लेखी सांगून मगच निकालात काढा.

लायसन्स खरं असतानाच आरोप झाला असेल तर

कधी कधी शेजारचा स्पर्धक खोटी तक्रार टाकतो आणि तुमची नोंद पोर्टलवर लख्ख दिसत असते. मग वरचं बरंचसं लागत नाही. सर्चची प्रिंट, फीची पावती आणि सर्टिफिकेट जोडून एक पानाचं पत्र द्या, पोच घ्या, धंदा चालू ठेवा. तक्रारदाराच्या दुकानापुढे जाऊन भांडू नका आणि गल्लीच्या ग्रुपवर त्याचं नाव टाकू नका.

दोन्ही प्रकारांत एक काम शेवटी राहून जातं. प्रकरण मिटलं असं अधिकारी तोंडी सांगतात आणि लोक सुटलो म्हणून घरी येतात. तसं नको. नोटीसचा क्रमांक टाकून अर्ज द्या की ह्या नोटीसवर काय निर्णय झाला ते लेखी कळवावं, उत्तर नाही आलं तर माहिती अधिकारात मागा. ताईंना ते पत्र यायला पाच महिने लागले. दोन ओळींचं पत्र आहे, त्यांनी ते नव्या सर्टिफिकेटच्या मागे फ्रेममध्ये घालून ठेवलंय.